मानाचे पान

जागतिक क्रीडास्पर्धांच्या कारभारात एक वहिवाट अशी आहे की, ज्या देशाच्या भूमीवर स्पर्धा भरावयाची त्या देशाच्या संघास पात्रतेची परीक्षा द्यावी लागत नाही. इतरांनी आपापल्या खंडातील चाचण्या पार करून यावे, आणि यजमानाचे नाव मात्र पहिल्या दिवसापासून यादीत लिहिलेले असावे. आपल्याकडच्या पंगतीत यजमान सर्वांच्या शेवटी पानावर बसतो. फुटबॉलच्या पंगतीत मानाचे पहिले पान त्याचेच असते. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेत भारताचा संघ उतरला, तो अशा मानाच्या पानावर. महिलांच्या फुटबॉलमध्ये, कोणत्याही वयोगटात, फिफाच्या विश्वचषकात भारताने टाकलेले ते पहिले पाऊल होते. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर तीन सामने झाले, तिन्ही गमावले, अंगावर सोळा गोल चढले आणि त्यांतला एकही फेडता आला नाही. वृत्तपत्रांनी आकडे छापले, आठवड्यावर आलेल्या दिवाळीच्या गडबडीत लोक ते विसरले, आणि मुली अजून तयार नव्हत्या, एवढ्या एका वाक्यावर त्या प्रकरणाचा निकाल लागला.

मुली तयार नव्हत्या हे खरेच. परंतु त्यांना तयार करण्याचे काम कोणाच्या दप्तरी होते आणि ते तेथे किती वर्षे पडून राहिले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्याचा माग काढू लागले म्हणजे पहिली गोष्ट आढळते ती अपेक्षेच्या अगदी उलट. या खेळात आपण उशिरा आलो नव्हतो.

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. ड्युरँड चषक १८८८ साली सिमल्यास आणि रोव्हर्स चषक १८९१ साली मुंबईस सुरू झाला, आणि हा खेळ पुढे कलकत्त्याने, गोव्याने व मलबारने आपलासा केला. परंतु तो पुरुषांपुरता. ज्या इंग्लंडातून तो आला तेथे स्त्रियांच्या वाट्याला आलेली कथा मोठी विलक्षण आहे. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर स्त्रियांचा एक सामना पाहावयास त्रेपन्न हजारांचा समुदाय लोटला, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तेथील फुटबॉल संघटनेने, हा खेळ स्त्रियांना शोभत नाही असा ठराव करून, आपल्या संलग्न मैदानांची दारे त्यांना बंद केली. ती उघडावयास पन्नास वर्षे लागली. ब्राझीलने १९४१ साली कायद्यानेच स्त्रियांचा फुटबॉल निषिद्ध ठरविला व ती बंदी १९७९ पर्यंत टिकली. पश्चिम जर्मनीच्या संघटनेची बंदी १९५५ ते १९७० अशी होती. आपल्याकडे असे फर्मान कधी निघाले नाही. ज्या समाजात न्हाण आलेल्या मुलीचे धावणेच थांबविले जात असे तेथे ते काढण्याचे कारणच कोणाला पडले नाही. तरीही लेखी मनाई नव्हती हा एक लाभ होता, आणि १९७५ साली काही मंडळींनी तो उचलला.

त्या वर्षी पुरुषांच्या संघटनेपासून अलग अशी भारतीय महिला फुटबॉल संघटना स्थापन झाली, आणि ईस्ट बंगालचे जुने खेळाडू सुशील भट्टाचार्य यांनी राष्ट्रीय महिला संघाच्या पहिल्या प्रशिक्षकाची जबाबदारी पत्करली. बंगालच्या शांती मल्लिक, गोव्याच्या योलांडा डिसोझा यांसारख्या खेळाडू याच काळात पुढे आल्या. १९८० च्या जानेवारीत कालिकतला संपलेल्या आशियाई स्पर्धेत यजमानांचे दोन संघ उतरले होते, एक उत्तरेच्या नावाने व एक दक्षिणेच्या. त्यांपैकी दक्षिणेचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला व तैवानकडून हरला. १९८१ साली हाँगकाँगला भारत तिसरा आला, आणि १९८३ साली बँकॉकला पुन्हा उपविजेता ठरला. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. भारतीय महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिलाच. सारांश, ब्राझीलमध्ये बंदी उठण्यापूर्वीच आमचा संघ उभा होता, आणि अमेरिकेच्या महिला संघाने १९८५ साली आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळण्यापूर्वी आम्ही आशियातील दोन उपविजेतेपदे पदरात पाडून घेतली होती.

पुढे जे झाले त्याचे वर्णन ऱ्हास या शब्दानेही होत नाही, कारण ऱ्हासाला निदान एक गती असते; येथे सर्व व्यवहार नुसता थांबला. स्वतंत्र महिला संघटना मोडकळीस आली. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने महिलांचा कारभार आपल्याकडे घेतला व राज्यांच्या अजिंक्यपद स्पर्धा रीतसर सुरू केल्या. त्या स्पर्धा मणिपूर वर्षामागून वर्षे जिंकत राहिले. तेथील मुलींचे हे कर्तृत्व निर्विवाद असले, तरी एक लहानसे डोंगराळ राज्य इतकी वर्षे विजयी होत राहिले यात इतर प्रांतांच्या औदासीन्याचाही दाखला होता. आंतरराष्ट्रीय सामने इतके विरळ झाले की २००९ च्या सुमारास, अठरा महिन्यांत एकही सामना न खेळलेला संघ म्हणून, फिफाच्या क्रमवारीतून भारताचे नावच कमी करण्यात आले. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू व्हावयास २०१६ साल उजाडले. मुलांसाठी १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकाच्या शालेय स्पर्धेत मुलींचा गट निघाला तो अर्धशतक उलटल्यावर.

दुर्दैव असे की, आपण निजलो असता जगात नेमका मुलींच्या वयोगटांचा काळ सुरू झाला. फिफाने एकोणीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा २००२ साली कॅनडात भरविली, तेव्हा एडमंटनच्या अंतिम सामन्यास सत्तेचाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २००८ साली न्यूझीलंडमध्ये सुरू झाला आणि तो उत्तर कोरियाने जिंकला. या नव्या काळाच्या उंबरठ्यावर आपण अगदीच गैरहजर होतो असे नाही. २००२ च्या एप्रिलात एकोणीस वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा भरली ती आपल्या गोव्यातच, आणि ती जिंकणाऱ्या जपानने पुढील वीस वर्षांत मुलींच्या फुटबॉलमध्ये काय उभे केले हे सर्वश्रुत आहे. आपणही २००५ साली कोरियात सतरा वर्षांखालील व २००६ साली मलेशियात एकोणीस वर्षांखालील गटात आशियाई स्पर्धा खेळलो. आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे आशियाच्या अंतिम फेरीत आपल्या मुलींचा कोणताही वयोगट आपल्या बळावर दिसला नाही.

अशा स्थितीत १५ मार्च २०१९ रोजी मायामीत भरलेल्या फिफाच्या बैठकीत २०२० च्या विश्वचषकाचे यजमानपद भारतास देण्यात आले. मुलांचा विश्वचषक २०१७ साली आपल्याकडे होऊन गेला होता, त्यात एका गोलाचे का होईना समाधान मिळाले होते, आणि आता मुलींची पाळी होती. स्वीडनच्या महिला संघाला २०११ च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवून देणारे टोमास डेनर्बी प्रशिक्षक नेमले गेले, मुली निवडल्या गेल्या, शिबिरे भरली. आणि महामारी आली. स्पर्धा प्रथम २०२१ च्या वसंतापर्यंत तहकूब झाली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रद्दच झाली. तिच्याऐवजी २०२२ चे यजमानपद भारतास मुक्रर करण्यात आले.

कागदोपत्री हा व्यवहार चोख होता, एका सालाच्या जागी दुसरे साल. परंतु वयोगटाच्या स्पर्धेत सालाची अदलाबदल म्हणजे माणसांची अदलाबदल होय. २०२० च्या स्पर्धेस २००३ व त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. २०२२ च्या स्पर्धेस जन्मसाल २००५ पासून पुढचे हवे होते. ज्या मुलींनी घर सोडून, शाळा मागे टाकून, दीड-दोन वर्षे त्या एका स्पर्धेसाठी घाम गाळला, त्यांतील २००३ व २००४ साली जन्मलेल्या साऱ्याजणी एका निर्णयाने कायमच्या अपात्र झाल्या. विश्वचषक खेळण्याची संधी त्यांच्या आयुष्यात हाताच्या अंतरावर येऊन निघून गेली. ज्या देशांत वयोगटांच्या लीग वर्षानुवर्षे चालतात तेथे एक तुकडी वयाबाहेर गेली की मागची उभी असते. आपल्याकडे मागे काहीच नव्हते, म्हणून २०२२ उजाडल्यावर शोध पुन्हा आरंभापासून करावा लागला.

त्या अखेरच्या वर्षात जे घडले ते वाचताना मन विषण्ण होते. मुली युरोपच्या दौऱ्यावर असता एका सहायक प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाची तक्रार पुढे आली व त्यास बडतर्फ करावे लागले. तिकडे महासंघाच्या निवडणुका मुदतीत न झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकांच्या समितीकडे सुपूर्द केला होता. हा बाहेरचा हस्तक्षेप होय असे म्हणून फिफाने ऑगस्टच्या मध्यास महासंघच निलंबित केला, आणि त्याबरोबर स्पर्धाही हातची जाण्याची वेळ आली. न्यायालयाने समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला निलंबन उठले, आणि पहिल्या सामन्यास जेमतेम सात आठवडे उरले असता मुलींना एवढे कळले की आपण खेळणार आहोत.

या संघाची यादी ही स्वतःच एक सामाजिक दस्तऐवज आहे. एकवीस जणींपैकी सहा झारखंडच्या, मणिपूरच्या अनेक, पुण्याची काजोल डिसोझाही त्यांत होती. कप्तान अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील शेतमजूर कुटुंबातली. ती कप्तान झाल्यावर सरकारला तिच्या गावच्या रस्त्याची आठवण झाली व काम निघाले; आणि त्या कामावर खडी-माती वाहणाऱ्या मजुरांत तिचे आईवडीलही रोजंदारीने होते, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापले. लेकीच्या नावाने रस्ता होतो आणि मायबाप त्याच रस्त्यावर मजुरी करतात, यात कोणाचा गुन्हा असा दाखविता येत नाही. परंतु मुलगी विश्वचषकापर्यंत पोचेतो तिच्या दारापर्यंत वाट पोचलेली नसावी, हे त्या संघाच्या एकूण परिस्थितीचे यथातथ्य वर्णन होते.

११ ऑक्टोबरला पहिला सामना अमेरिकेशी झाला आणि आठ विरुद्ध शून्य असा गमावला. मध्यंतरापूर्वीच पाच गोल झाले होते. अमेरिकेच्या त्या संघामागे १९७२ चा एक कायदा उभा होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलामुलींत भेद करू नये, असे त्याचे कलम. खेळाचा उल्लेखही त्यात मुख्यत्वाने नव्हता. परंतु त्या कलमाच्या बळावर शाळाशाळांतून आणि महाविद्यालयांतून मुलींचे संघ निघाले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, आणि पन्नास वर्षांत मुलीने फुटबॉल खेळणे ही तेथील घराघरांतली साधी गोष्ट झाली. त्या आठ गोलांपैकी एक मिया भुता या भारतीय वंशाच्या मुलीने केला. रक्ताचा प्रश्न नव्हता, पटांगणाचा होता, हे याहून स्पष्ट कोणी सांगू शकले नसते.

१४ तारखेला मोरोक्कोशी गाठ पडली. हा संघही विश्वचषकात आपल्याप्रमाणेच नवखा होता. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता, आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत आपल्या मुली खरोखर बरोबरीने झुंजल्या; उत्तरार्धाच्या आरंभी पेनल्टीवर पहिला गोल झाला, मग दुसरा, आणि अखेरच्या क्षणी तिसरा. विचार करावयास लावणारा पराभव तो हाच. मोरोक्कोचा महिला संघ आंतरराष्ट्रीय मैदानावर आला तो नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे आपल्यानंतर वीसेक वर्षांनी. तेथील महिलांची लीग व्यावसायिक पायावर उभी राहिली ती २०२० साली. परंतु ठरविल्यावर त्यांनी ते केले, आणि २०२२ च्या जुलैत आफ्रिकेच्या महिला स्पर्धेत ते उपविजेते झाले. जे दोन वर्षांत दिसू लागते ते पन्नास वर्षांत का दिसू नये, हा प्रश्न त्या उत्तरार्धाने आपल्यापुढे ठेवला.

१७ ऑक्टोबरला ब्राझीलने पाच गोलांनी हरविले. ज्या देशाने आपल्या स्त्रियांना अडतीस वर्षे कायद्याने मैदानाबाहेर ठेवले तो देश आपल्यापुढे, आणि ज्याने कधीच मनाई केली नाही तो मागे. या विपर्यासाचा उलगडा असा की, बंदी उठली तेव्हा ब्राझीलच्या गल्लीबोळांत खेळ जिवंत होता व मुलींना फक्त त्यात शिरावयाचे होते, तर आपल्याकडे मोजक्या मंडळींनी पदरमोड करून लावलेल्या रोपाला दुसऱ्या कोणी पाणीच घातले नाही. आरंभ आपला आधीचा, सातत्य त्यांचे. भुवनेश्वरच्या त्या तीन सामन्यांचा हिशेब एवढाच आहे.

भारताचा संघ परतला आणि स्पर्धा आपल्या गतीने गोव्याकडे व मुंबईकडे सरकली. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर उपांत्य सामने झाले. तेथे कोलंबियाने नायजेरियास पेनल्टींवर आणि स्पेनने जर्मनीस एका गोलाने हरविले. ३० ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना झाला आणि ब्याऐंशीव्या मिनिटास कोलंबियाच्याच खेळाडूकडून झालेल्या स्वयंगोलावर स्पेनने तो जिंकला. त्याच मैदानाने त्याच वर्षी ६ फेब्रुवारीस महिलांच्या आशियाई चषकाचा अंतिम सामनाही पाहिला होता, ज्यात चीनने दक्षिण कोरियास ३-२ असे नमविले. त्या स्पर्धेतून यजमान भारताला, संघात साथ शिरल्यामुळे नियमाने लागणाऱ्या किमान तेरा जणी उभ्या करता येईनात म्हणून, अर्ध्यावरच बाहेर पडावे लागले होते. एका वर्षात महिला फुटबॉलचे दोन थोर अंतिम सामने नव्या मुंबईत झाले आणि दोहोंत आपली भूमिका व्यवस्थेची होती. ती आपण उत्तम वठविली, हेही नमूद केले पाहिजे. मैदाने सुरेख होती, दिवे लखलखीत होते, पाहुण्यांनी तक्रार केली नाही.

यानंतरच्या इतिहासात खेळाडू पुढे जात असल्याची आणि व्यवस्था मागे राहत असल्याची चिन्हे एकत्रच दिसतात. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ढाक्याच्या कमलापूर येथे एकोणीस वर्षांखालील मुलींच्या दक्षिण आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत व बांगलादेश यांच्यात झाला. भारताने आरंभीच गोल केला आणि बांगलादेशच्या सागरिकाने भरपाईच्या वेळेत तो फेडला. मग पेनल्टी. दोन्ही बाजूंच्या अकरा-अकरा जणींनी, गोलरक्षकांसकट, चेंडू जाळ्यात घातला. बावीस फटके आणि एकही चुकला नाही. नियमाप्रमाणे फटके पुढे चालू राहावयास हवे होते. परंतु सामना-आयुक्तांनी नाणे उडविण्याचा हुकूम दिला. कौल भारताच्या बाजूने पडला, मुलींनी जल्लोष केला, बांगलादेशने हरकत घेतली, आयुक्तांनी आपला निर्णय मागे घेतला, भारताने पुन्हा मैदानात येण्यास नकार दिला, प्रेक्षकांतून बाटल्या आल्या, आणि बऱ्याच खलबतांनंतर दोन्ही संघ संयुक्त विजेते म्हणून जाहीर झाले. त्या रात्री मैदानावर चूक झाली ती एकट्या अधिकाऱ्यांची.

आणि मग २०२५ साल आले. ऑगस्टात यांगूनला वीस वर्षांखालील मुलींनी इंडोनेशियाशी बरोबरी केली, तुर्कमेनिस्तानवर सात गोल चढविले, आणि यजमान म्यानमारला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर एका गोलाने हरवून, २००६ नंतर प्रथमच आशियाई चषकाच्या अंतिम फेरीत प्रवेश मिळविला. दोन महिन्यांनी बिश्केकला सतरा वर्षांखालील मुलींनी आधी किर्गिझस्तानला २-१ असे हरविले. आणि उझबेकिस्तानविरुद्ध मध्यंतरास एका गोलाने मागे असता, बदली म्हणून आलेल्या थंडामणी बास्केने बरोबरी साधली व अनुष्का कुमारीने विजयाचा गोल केला. पात्रता-फेरी जिंकून या गटाच्या आशियाई स्पर्धेत भारताने जागा मिळविल्याचा हा पहिलाच प्रसंग होता. दोन्ही संघांचे प्रशिक्षक स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन होते. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, मध्यंतरीच्या काळात वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धा, शिबिरे व परदेशी सामने यांची साखळी निदान काही वर्षे तुटली नव्हती. भुवनेश्वरला मिळालेले पान मानाचे होते. यांगूनला व बिश्केकला मिळालेले पान कमाईचे आहे.

या दोहोंतील अंतर ओळखणे हे आता वाचकाचेही काम आहे. मोठ्या स्पर्धांचे यजमानपद आपणास पुन्हा मिळेल, त्याचे समारंभ होतील, आणि त्या वेळी पुन्हा शेवटच्या वर्षात संघ शोधण्याची घाई उडेल. ती उडू नये असे वाटत असेल तर प्रश्न स्टेडियमचा नव्हे, तर तालुक्याच्या शाळेचा विचारला पाहिजे. महाराष्ट्रात ज्यांची मुलगी, बहीण किंवा नात शाळेत जाते त्यांनी येत्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे की, या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ आहे काय, आणि नसल्यास तो कोणत्या महिन्यात निघणार आहे. १९७५ साली जे सुरू होऊन पुढे सोडून दिले गेले, ते पुन्हा सोडून देण्याचा अधिकार आपणास उरलेला नाही.